विचारलेल्याला उत्तर द्या : कारखान्यातला संवाद सुधारण्याची एक पद्धत

कारखान्यात संवाद वाढवायचा असं ठरलं की बहुतेक ठिकाणी सांगण्याची साधनं वाढतात. त्रैमासिक निघतं, व्हॉट्सअ‍ॅपचा आणखी एक ग्रुप तयार होतो, कँटीनच्या भिंतीवर टीव्ही लागतो आणि त्यावर साहेबांचं भाषण फिरत राहतं. कामगाराला ऐकायला कमी पडत होतं असं मात्र नसतं. मे महिन्यात त्याने रेनकोटबद्दल विचारलेलं असतं, आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली तरी त्याला हो किंवा नाही काहीच कळलेलं नसतं. नाराजी तिथे साचते.

मी गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात कार्मिक विभाग सांभाळते. त्याआधी वेर्ण्याला होते. दोन्हीकडे कामाला येणारी माणसं बऱ्याच अंशी सारखीच. सत्तरी, डिचोली, फोंडा, पेडण्याहून कंपनीच्या बसने येणारे, सासष्टीतले ख्रिस्ती कामगार, आणि कंत्राटदारामार्फत आलेले कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहारचे. इथे देते आहे ती पद्धत साधारण पन्नास ते चारशे माणसांच्या कारखान्याला लागू पडते. हॉटेलात पाळ्या आणि खाती वेगळी असली तरी तिथेही बरीचशी चालेल. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : माणसाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ठरल्या मुदतीत उत्तर मिळालं पाहिजे, मग ते नकाराचं का असेना.

सुरुवात वहीपासून

पहिले दोन आठवडे कुठलाही उपक्रम जाहीर करू नका. एक शंभर पानी वही घ्या आणि लोक काय विचारतात ते टिपा. सुपरवायझरकडे विचारा, टाइम ऑफिसात विचारा, गेटवरच्या सिक्युरिटीला, कँटीनवाल्याला, बसच्या ड्रायव्हरला विचारा. साखळीहून कुंडईपर्यंत बसमध्ये जे बोललं जातं ते दिवसभरात एकाही साहेबाच्या कानावर पडत नाही. मात्र ड्रायव्हरला हेर बनवायचं नाही. ‘लोकांना सध्या काय कळत नाहीये?’ एवढंच त्याला विचारायचं. कोण बोललं ते त्याने सांगू नये आणि तुम्ही वहीत लिहू नये.

दोन आठवड्यांत वही चांगली भरते. मग प्रश्नांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात असे प्रश्न, ज्यांची उत्तरं ऑफिसात तयार आहेत, खाली पोचलेली नाहीत. दुसऱ्यात, ज्यांचं उत्तर अजून कुणी ठरवलेलंच नाही. तिसऱ्यात, ज्यांचं उत्तर ‘नाही’ असं केव्हाच ठरलंय, पण तोंडावर सांगायला कुणी तयार नाही. माझ्या अनुभवात विश्वास जातो तो या तिसऱ्या ढिगापायी. माणूस नकार पचवतो. झुलवत ठेवलेलं त्याला पचत नाही.

पहिला ढीग सगळ्यात सोपा, म्हणून तिथून हात घाला. एक उदाहरण देते, जे जवळपास प्रत्येक कारखान्यात सापडेल. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेची, पगारमर्यादा सध्या महिना २१,००० रुपये आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. समजा जुलैत एखाद्याला पगारवाढ मिळाली आणि त्याचा पगार २१,००० च्या वर गेला. आता कपात थांबेल असं त्याला वाटतं. ती थांबत नाही, कारण ईएसआयचा हिशोब एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाहींचा असतो आणि चालू सहामाही संपेपर्यंत कपात सुरूच राहते. शिवाय ती वाढलेल्या पगारावर होते. त्याच्या बदल्यात पुढचे काही महिने उपचाराचा हक्कही टिकतो. हे कुणी सांगितलं नाही तर तो माणूस ऑगस्टच्या स्लिपकडे बघून ‘कंपनी पैसे खाते’ असं म्हणणार, आणि शेजारचे चौघे त्याला दुजोरा देणार. पगारवाढीच्या पत्रात दोन ओळी घातल्या असत्या तर हे झालंच नसतं. अशा दोन ओळी लिहिणं हे कार्मिक विभागाचं पहिलं काम, वाढदिवसाचे केक त्याच्या खूप नंतर येतात.

फळा कुठे लावायचा आणि त्यावर काय लिहायचं

सूचनापेटी बहुतेक कारखान्यांत असते आणि तिच्या कुलपाला गंज चढलेला असतो. चिठ्ठी आत गेली की ती कुणी वाचली का, हे टाकणाऱ्याला कधी कळत नाही. पेटी ठेवायची असेल तर ठेवा, पण तिच्यातून निघालेला प्रत्येक प्रश्न फळ्यावर चढला पाहिजे.

आमचा फळा कँटीनमध्ये हात धुवायच्या बेसिनच्या बाजूला आहे. जागा मुद्दाम निवडलेली आहे. जेवण झाल्यावर तिथे रांग लागते, माणूस दोन मिनिटं उभा राहतो, हातात मोबाइल नसतो, डोळे भिंतीवर असतात. टाइम ऑफिसच्या शेजारी फळा लावला तर पंच करायच्या घाईत कुणी वळूनही बघत नाही, आणि मॅनेजरच्या केबिनसमोर लावला तर तिथे थांबायला माणसं बिचकतात.

फळ्यावर पाच रकाने आखा : प्रश्न, कधी आला, उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, आणि उत्तर. विचारणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. उत्तर देणाऱ्याचं लिहायचंच. ‘व्यवस्थापन’ असं लिहू नका, मेंटेनन्सचे अमुक, स्टोअरचे तमुक, असं माणसाचं नाव घाला. मुदत सात दिवसांची. सात दिवसांत उत्तर तयार नसेल तर ‘अजून ठरलेलं नाही, २५ तारखेला सांगू’ हे लिहायचं, आणि २५ तारीख चुकवायची नाही. फळा हातानेच लिहिलेला असावा. छापील कागद लागला की लोकांना तो ऑडिटसाठी लावलेला वाटतो.

नकार कसा लिहावा हे इथे नीट सांगते, कारण अडतं तिथेच. वाळपईकडच्या काही मुलांनी विचारलं होतं की बस होंड्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत गावापर्यंत का येत नाही. ‘मागणी मान्य करता येत नाही’ एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. आम्ही असं लिहिलं : ‘बस आत नेली तर वाळपईला चढणाऱ्या सगळ्यांना वीस मिनिटं आधी निघावं लागेल, म्हणजे पहिल्या पाळीला पहाटे पाचच्या आत. म्हणून सध्या नाही. दुसरा मार्ग सुचत असेल तर शुक्रवारपर्यंत ट्रान्सपोर्ट पाहणाऱ्या माणसाला सांगा.’ त्या आठवड्यात बेसिनजवळ चांगलीच चर्चा झाली. आतल्या गावच्या मुलांना वाळपईवाल्यांची अडचण पहिल्यांदाच दिसली. शेवटी मुलांनीच सुचवलं की बस आत येऊ नये, पण तिठ्यावर पाच मिनिटं थांबावी, आम्ही दुचाकीने तिथवर येऊ आणि गाड्या ठेवायला जागा बघू. ते जमलं. नकाराबरोबर कारण दिलं की माणसं त्या कारणावर विचार करतात. कारण दिलं नाही की ती साहेबावर विचार करतात.

फळ्यावर काय चढवायचं नाही तेही पक्कं ठरवा. एका व्यक्तीविरुद्धची तक्रार, एकाच माणसाच्या पगाराची गोष्ट, आजारपण, यांतलं काहीही तिथे येता कामा नये. लैंगिक छळाची तक्रार तर थेट अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे ही समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे आणि तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची महिलाच असावी लागते. समितीतल्या सगळ्यांची नावं बायकांच्या चेंजिंग रूममध्ये लावा. फाइलमध्ये ठेवलेल्या यादीचा रात्रपाळीच्या मुलीला काही उपयोग नाही.

भाषेबद्दल. १९४८ च्या कारखाना कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावणं बंधनकारक केलं, आणि ते शहाणपण कायद्यापुरतं ठेवू नये. गोव्यात मात्र बहुसंख्यांची एकच भाषा धरून भागत नाही. घरी कोंकणी बोलणारा पेडण्याचा माणूस मराठी वर्तमानपत्र सराईतपणे वाचतो, सासष्टीची बाई रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचते, बेळगावकडच्या मुलाला कन्नड किंवा मराठी चालते, ओडिशाच्या मुलाशी हिंदीत बोलावं लागतं. आम्ही फळ्यावर प्रश्न ज्या भाषेत आला त्याच भाषेत लिहितो आणि उत्तर मराठी आणि हिंदीत देतो. रोमीतून आलेल्या प्रश्नाचं उत्तर रोमीतही असतं. वाक्यं इतकी लहान की तीन भाषांत लिहूनही एका रकान्यात मावतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुढचा भाग.

पाळी बदलतानाची पाच मिनिटं

कारखान्यातला खरा संवाद सुपरवायझरच्या तोंडून होतो. जनरल मॅनेजरचं भाषण वर्षातून दोनदा, सुपरवायझर रोज आठ तास. आणि बहुतेक सुपरवायझर मशीनवर हात चांगला बसला म्हणून वर आलेले असतात. माणसांशी कसं बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. प्रशिक्षणावर खर्च करायचाच असेल तर तो सगळा यांच्यावर करा.

पाळी सुरू होताना पाच मिनिटं उभ्या उभ्या बोलायचं, गोल करून. रांगेत उभं केलं की शाळेची प्रार्थना होते. आधीच्या पाळीत काय झालं ते सांगायचं, आज काय वेगळं आहे ते सांगायचं, फळ्यावरच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं असेल तर ते वाचून दाखवायचं, आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा. ‘काही अडचण आहे का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला जगभर एकच उत्तर येतं. प्रश्न मशीनचा, हाताला लागणाऱ्या कामाचा असावा. आमच्या पॅकिंगच्या एक सुपरवायझर बाई हे फार छान करतात. एका सकाळी त्यांनी गोळ्यांची पाकिटं बनवणाऱ्या ब्लिस्टर मशीनवरच्या मुलाला विचारलं, ‘काल फॉइल डावीकडे सरकत होती म्हणालास, आज कशी चाललीय?’ तो म्हणाला, ‘सकाळी ठीक असते मॅडम, जेवणानंतर सरकते.’ बाईंनी तिथेच पुढचं विचारलं, ‘जेवणानंतर म्हणजे रोल बदलल्यावर?’ मुलगा जरा थांबला, मग म्हणाला, ‘हो, नवा रोल लावला की.’ रोल चढवायच्या पद्धतीत खोट होती, ती दोन दिवसांत सापडली. मेंटेनन्सवाले तोवर मशीनच तपासत बसले होते. त्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे याच्या बोलण्यावरून कळलं. मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि त्या दिवसापासून त्या गोलात बोलणारे वाढले.

ही पाच मिनिटं कामाच्या वेळेतली आणि पगारी असली पाहिजेत. यावर मी अडून बसते. पाळी सुटल्यावर सभा घेऊ नका. भोंगा झाल्यावर दहा मिनिटांत बस सुटते, आणि ती चुकली तर डिचोलीच्या माणसाला फोंड्याला जाऊन दुसरी गाडी बघावी लागते, घरी पोचायला अंधार पडतो. त्या वेळेत कुणाचं लक्ष तुमच्या बोलण्याकडे असणार?

माणसाचं कामात मन का लागतं यावर विल्यम कान या अमेरिकन संशोधकाचा १९९० सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ म्हणून आज जे बोललं जातं त्याचं बरंचसं मूळ तिथे आहे. मुलांच्या उन्हाळी शिबिरात काम करणारी माणसं आणि एका वास्तुविशारद कंपनीतली माणसं त्याने पाहिली. माणूस कामात जीव ओततो तेव्हा तीन गोष्टी जुळलेल्या असतात असं त्याला दिसलं : कामाला अर्थ आहे असं वाटणं, बोललो तर अंगाशी येणार नाही ही खात्री, आणि अंगात तेवढं त्राण शिल्लक असणं. ब्लिस्टर मशीनच्या त्या प्रसंगात पहिल्या दोन्ही आहेत. तिसरीकडे आपण फार कमी पाहतो. सलग डबल ड्यूटी केलेल्या माणसाकडून सूचनांची अपेक्षा ठेवू नका, त्याला झोपू द्या.

ऐकण्याबद्दल याहूनही जुनं एक उदाहरण आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न इथल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न होते. माणसं त्यांची उत्तरं देता देता भलतीकडेच वळत होती, कारण त्यांना सांगायचं दुसरंच काही होतं. मग प्रश्नावली बाजूला ठेवली आणि त्यांना हवं ते बोलू दिलं. मुलाखत अर्ध्या तासावरून तासाच्या वर गेली. दर महिन्याला पाच-सहा जणांशी असं बोला. केबिनमध्ये नको, कँटीनच्या एका कोपऱ्यात, पाव-भाजी आणि चहा समोर ठेवून. कागद काढू नका. मधेच खुलासा देऊ नका. कंपनीची बाजू मांडायचा मोह आवरणं हे यातलं सगळ्यात कठीण काम आहे.

चवथीची रजा

गोव्यातल्या कारखान्याचा संवाद कसा आहे हे पाहायचं असेल तर ऑगस्टमध्ये जाऊन बघावं. चवथीला सगळ्यांना घर गाठायचं असतं. कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा सात. मूळ घर पेडण्याला असतं, भाऊबंद तिथे जमतात, गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीचं सामान आणायचं असतं, आणि मुंबईहून आलेल्या काकाला ‘मला सुट्टी नाही’ असं सांगणं कुणाला जमत नाही. दुसरीकडे मालाची डिलिव्हरी ठरलेली असते. मग होतं काय, अर्ज येतात, सुपरवायझर ‘बघू’ म्हणतो, शेवटच्या आठवड्यात काहींना मिळते, काहींना नाही, आणि ज्यांना मिळाली नाही ते आजारी पडतात.

हे असं करा. जुलै लागताच प्रत्येक लाइनचा तक्ता फळ्याशेजारी लावा. त्यावर चवथीच्या आठवड्यातले दिवस आणि प्रत्येक दिवशी त्या लाइनला किमान किती माणसं लागतील तो आकडा. हा आकडा का, ते खाली लिहा : अमुक ऑर्डर अमुक तारखेला निघायची आहे. मग नावं भरण्याचं काम लाइनवरच्या माणसांवर सोडा. त्यांना पंधरा दिवस द्या. ती आपसात ठरवतात, आणि बहुतेक वेळा साहेबापेक्षा चांगलं ठरवतात, कारण कुणाच्या घरी गणपती आहे, कुणाच्या घरी यंदा सुतक आहे, हे त्यांनाच माहीत असतं. जमलं नाही तेवढ्याच नावांत सुपरवायझरने पडावं.

त्याच तक्त्यावर खाली नाताळ आणि ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, घाला. चवथीला ख्रिस्ती सहकारी जादा पाळ्या उचलतात आणि नाताळात हिंदू सहकारी त्यांच्या जागी उभे राहतात, हे गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एकाच कागदावर दोन्ही दिसलं की कुणावर उपकार होत नाहीत, हिशोब सगळ्यांसमोर राहतो. यंदा जो थांबला त्याचा पुढच्या वर्षी पहिला हक्क, हेही त्याच कागदावर लिहा आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या जुलैत तोच काढायचा.

तक्ता पक्का झाल्यावर त्यात कुणीही हात घालायचा नाही, मॅनेजरनेही नाही. वरून एक फोन आला आणि एका माणसाची रजा मागच्या दाराने मंजूर झाली की सगळी मेहनत पाण्यात जाते. अडचण खरी असेल तर बदली माणूस शोधून तो बदल सगळ्यांना दिसेल असा तक्त्यावर लिहा.

कंत्राटी मुलांनाही विचारा. बिहारच्या मुलाला छठ हवी असते, ओडिशाच्या मुलाला जूनमधला रज हा सण. डिचोली भागातले काही जण शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त, असतात. व्रताच्या दिवसांत ते कँटीनचं जेवत नाहीत, हे सुपरवायझरला आधीपासून माहीत असावं. त्या दिवसांत ‘जेवत का नाहीस?’ असं सगळ्यांसमोर विचारणं बरं दिसत नाही. कंपनीला आपली माहिती आहे असं माणसाला वाटतं ते अशा बारीक गोष्टींतून.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

कंत्राटी कामगारांना गोलातून आणि फळ्यातून वगळू नका. त्यांचा पगार कंत्राटदार देत असेल, पण मशीन तुमचं आहे आणि अपघात झाला तर तो तुमच्या शेडमध्ये होतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप एका लाइनला एकच असावा. बसचा उशीर, पाळीतला बदल, तातडीची सूचना, यापलीकडे त्यात काही नको. रात्री नऊनंतर मेसेज टाकू नये, आणि कुणाच्या चुकीचा फोटो तर कधीच नाही. एखाद्याने पॅकिंग चुकवलं त्याचा फोटो ग्रुपवर टाकणारा सुपरवायझर पुढचे सहा महिने कुणाकडून खरं ऐकणार नाही.

वाईट बातमी आधी घरच्यांना सांगतात, मग गावाला. लाइन बंद होणार असेल, ओव्हरटाइम थांबणार असेल, तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना समोर बसवून सर्वांत आधी सांगा, त्याच दिवशी बाकीच्यांना. सांगताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : काय ठरलंय, काय ठरायचंय, आणि उरलेलं कधी कळेल. नाहीतर बातमी चहाच्या गाड्यावरून आत येते, आणि ती नेहमी मूळ गोष्टीपेक्षा मोठी होऊन येते.

कायद्याने सांगितलेल्या समित्या कागदावर ठेवू नका. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. त्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत, बायकांचं प्रमाण त्यांच्या संख्येपेक्षा कमी नाही, अध्यक्षपद आळीपाळीने, आणि तक्रारीवरचं काम तीस दिवसांत पूर्ण. कामगारांचे प्रतिनिधी साहेबांच्या मर्जीतले घेतले तर समिती पहिल्याच बैठकीत मरते. लोक ज्याच्याकडे आपणहून सल्ला मागायला जातात अशी एक-दोन माणसं प्रत्येक लाइनवर असतात, बहुतेक वेळा वयाने मोठी, सगळे ज्यांना मामा किंवा दादा म्हणतात. ती समितीत असतील असं पाहा. ती तुमच्याशी भांडतील. भांडू द्या.

सर्वेक्षण करणार असाल तर छोटं करा आणि ज्यावर काही करायची तयारी आहे तेवढंच विचारा. कँटीन बदलायचं नसेल तर कँटीनला गुण मागू नका. आणि ‘निनावी’ म्हणून फॉर्म देऊन त्यात खातं, वय, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं हे सगळं विचारू नका. आठ माणसांच्या खात्यात दोनच बायका असतात, कोणता फॉर्म कुणाचा ते मुलंसुद्धा ओळखतील. निकाल महिन्याभरात फळ्यावर लावा, कमी गुण आधी.

चाललंय की नाही, हे कशावरून ओळखायचं

मी चार गोष्टी बघते. फळ्यावरचा सगळ्यात जुना अनुत्तरित प्रश्न किती दिवसांचा आहे. नवीन लागलेल्यांपैकी किती जण पहिल्या सहा महिन्यांत सोडून गेले. चवथीच्या आठवड्यात तक्त्याबाहेरची गैरहजेरी किती झाली. आणि चौथी गोष्ट कुठल्या रिपोर्टात येत नाही, पण मला ती सगळ्यात खरी वाटते : आमची माणसं आपल्या वाड्यावरच्या मुलांना इथे नोकरीला पाठवतात का. जागा निघाल्याची खबर गावात कामगारच देतात. जो माणूस आपल्या बहिणीच्या मुलाला ‘ये, इथे लाग’ म्हणतो त्याचं मन कामात आहे हे तपासायला सर्वेक्षण लागत नाही.

फळ्यावर प्रश्न यायचे कमी झाले तर खूश होऊ नका. सुरुवातीचा पूर ओसरला की थोडी घट साहजिक आहे, पण दोन-तीन आठवडे एकही नवा प्रश्न नसेल तर कुठेतरी कुणीतरी गप्प बसवलंय. अशा वेळी आधी मागच्या महिन्यातली उत्तरं वाचा. एखादं उत्तर तुसडं गेलंय का, एखादी तारीख चुकलीय का, कुणाच्या प्रश्नावरून त्याला लाइनवर टोमणा ऐकावा लागला का. तारीख चुकली असेल तर ज्याचं नाव त्या रकान्यात आहे त्याने स्वतः गोलात उभं राहून उत्तर द्यावं. टोमणा असेल तर त्या सुपरवायझरशी त्याच दिवशी एकट्याने बोला, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि काहीच सापडलं नाही तर संध्याकाळी बस सुटण्याआधी ड्रायव्हरकडे जा आणि लोकांना सध्या काय कळत नाहीये, ते पुन्हा विचारा.